तबकडी फिरत नाही

घड्याळात तबकडी कधी फिरते का? नाही. काटे फिरतात. तबकडी स्क्रूने आवळलेली, जागच्या जागी. चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि चिमटीच्या बाबांनी पृथ्वीचा सगळा प्रश्न याच एका गोष्टीवर निकालात काढला होता. पृथ्वी म्हणजे तबकडी. गोल, पण सपाट, आणि न हलणारी. सूर्य म्हणजे काटा, तो वरून फिरतो. संपलं! "घडवणाऱ्याला काही अक्कल असेल की नाही?" ते म्हणायचे. "हलका काटा फिरवायचा सोडून एवढी जड तबकडी कोण फिरवत बसेल?"

हसू येत असेल तर खुशाल हसा. सगळी गल्ली हसायची. पण त्या माणसाने घड्याळ 'होणार नाही' म्हणून कधी परत पाठवलं नाही, आणि हसणारे झाडून सगळे आपली घड्याळं त्याच्याचकडे आणायचे.

चिमटी ही त्यांची एकुलती एक लेक. पाच वर्षांची असल्यापासून दुकानात बाबांच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि हात पुढे आला की त्यात अचूक चिमटा ठेवायची, म्हणून चिमटी. आता त्रेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, सातासमुद्रापार, थेट जगाच्या दक्षिण टोकाला एका बंदराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर बसते, पण दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि समोरच्या दुकानातून चष्मेवाले काका ओरडलेच, "आली का गं चिमटे!"

ती आली होती दुकान आवरायला. बाबांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता, आणि थरथरत्या हाताने घड्याळ उघडणं म्हणजे घड्याळाचा जीव घेणं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. सोमवारी किल्ल्या नव्या माणसाला द्यायच्या. त्याआधी रविवारी दुपारी चार वाजता दुकानातली शेवटची बैठक. आणि त्या बैठकीला चिमटीला मुळीच बसायचं नव्हतं.

का, ते कळायला आधी टेबल बघायला हवं.

दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, हे गोल टेबल. माणूस हात पसरून उभा राहिला तर जेमतेम कवेत येईल एवढं. त्यावर बाबांनी स्वतः रंगवलेला जगाचा नकाशा. उत्तर मधोमध, बाकीचे देश भोवती पसरलेले, दक्षिण सगळी काठाला, आणि अगदी कडेने प्लॅस्टरची वीतभर उंच पांढरी भिंत. ती बर्फाची. पाणी सांडू नये म्हणून. टेबलाच्या मधोमध एक दांडा, त्याला मोडीत निघालेल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचं यंत्र, आणि यंत्राला आडवा हात. हाताच्या टोकाला पत्र्याच्या डब्याची टोपी घातलेला दिवा. हा सूर्य. चोवीस तासांत एक फेरी. दिव्याखाली उजेडाचा गोल पडायचा आणि गोगलगायीच्या चालीने देशोदेशी सरकत जायचा. जिथे गोल तिथे दिवस, गोल गेला की रात्र. उन्हाळ्यात हात आखडायचा, थंडीत लांबवायचा, त्यासाठी वेगळा स्क्रू होता. दर रविवारी एक आटा.

आई म्हणायची, "तुमच्या पृथ्वीवर जरा जागा करा." आणि धुतलेल्या कपड्यांचा ढीग आणून ठेवायची. उत्तरेला टॉवेल, दक्षिणेला चादरी. बाबा चिडायचे. "अगं, अर्ध्या जगात ग्रहण लावलंस!" आईला हसता हसता खाली बसावं लागायचं. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

लहानपणी चिमटीला अंधाराची भारी भीती. सूर्य मावळला की रडायला सुरुवात. बाबा तिला उचलून टेबलाशी न्यायचे. "मावळतोय कुठे? तो मावळत नाही, लांब जातो. रस्त्याच्या टोकाचा दिवा बघ, जमिनीला टेकल्यासारखा दिसतो की नाही? टेकलेला असतो का? तसंच आहे हे." मग उजेडाच्या गोलावर बोट ठेवायचे. "आत्ता हा यांच्याकडे आहे. त्यांची पोरं उठली असतील. त्यांचं झालं की आपल्याकडे येतोय." चिमटीला ते इतकं पटायचं! सूर्य हरवत नाही, शेजाऱ्याकडे गेलाय, येईल परत. एवढी गाढ झोप पुढे आयुष्यात तिला कधी लागली नाही.

मग शाळा आली. सहावीच्या परीक्षेत प्रश्न: दिवस आणि रात्र कशामुळे होतात? पोरीने पानभर उत्तर लिहिलं. दिवा, टोपी, उजेडाचा गोल, बर्फाची भिंत, वर सुबक आकृती. शून्य मार्क मिळाले, ते एक वेळ चाललं असतं. बाईंनी उत्तर वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसून हसून लोळला. चिमटी तशीच दप्तर घेऊन दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर, चष्मेवाल्या काकांसमोर बाबांवर ओरडली, "तुम्ही मला खोटं शिकवलंत! सगळं खोटं!"

बाबा उठले. मागे गेले आणि दिव्याची पिन काढली. तीन महिने सूर्य बंद. टेबलावर धूळ साचली. पोरगी आतल्या आत झुरली, आणि शेवटी एका संध्याकाळी तिनेच जाऊन म्हटलं, "बाबा, दिवा लावा ना. मला चुकल्यासारखं होतंय." ते लगेच उठले. पिन लावताना त्यांचे डोळे भरलेले तिला दिसले. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून या माणसाला खोटं पाडायचं नाही.

म्हणूनच तर पुढचं सगळं घडलं.

ती नोकरीला दक्षिणेला गेली तेव्हा बाबांनी टेबलाच्या काठाशी, भिंतीला लागून, एक टाचणी टोचली. लाल मण्याची. "ही तू." आणि रोज त्यांच्या दुपारी दोनला फोन. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असायचे. पहिल्याच डिसेंबरात त्यांनी विचारलं, "अंधार पडला का गं?" टेबलाच्या हिशेबाने तर पडायलाच हवा होता. दिवा कुठल्या कुठे निघून गेलेला. पण तिकडचा डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, आणि नऊ वाजता चिमटीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. शेजारचा माणूस यंत्राने घरापुढचं गवत कापत होता, पोरं सायकली उडवत होती. तिने फोनवर तळहात आडवा धरला आणि म्हणाली, "पडला की, बाबा. मिट्ट काळोख आहे."

एकदा खोटं बोललं की ते दर वर्षी बोलावं लागतं. वीस वर्षं, दर डिसेंबरात ती बोलली. पुढेपुढे तर फोन उचलला की आधी टक् असा बारीक आवाज यायचा, जुन्या फोनचा असेल, आणि मग बाबांचा आवाज: "अंधार पडला का?" "पडला, बाबा." आणि बाबा तिकडे चष्मेवाल्यांना सुनवायचे, "घ्या! माझी मुलगी कडेला राहते. डोळ्यांनी बघून सांगते." चष्मेवाले काही हार मानणारे नव्हते. "फोनवर कोण काय वाटेल ते सांगेल. इथे येऊन तोंडावर सांगू दे, कान धरून माफी मागतो."

आणि आता ती आली होती.

रविवारी चारला बैठक भरली. बैठक म्हणजे तिघेच, बाबा, चष्मेवाले आणि निवृत्त पोस्टमास्तर. खुर्च्या नव्या माणसाने उचलून नेल्या होत्या, म्हणून तिघे खोक्यांवर बसले. भिंतींवर घड्याळं काढलेल्या जागी पांढरे गोल उरले होते. चिमटीने चहा दिला आणि कप गोळा करायच्या निमित्ताने बाहेर सटकायला बघितलं, पण बाबांनी हाक मारली, "इकडे ये. बस."

त्यांनी थरथरत्या हाताने सूर्य फिरवला आणि दुपारी दोनवर आणून सोडला. आपल्या देशावर ऊन. लाल टाचणी काळोखात.

"विचारा," बाबा चष्मेवाल्यांना म्हणाले.

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. "हे बघ चिमटे, तू माझ्या डोळ्यांसमोर वाढलीस. पहिला चष्मा मी दिलाय तुला. खरं काय ते सांग. ऐन डिसेंबरात तुझे बाबा फोन करतात तेव्हा तुझ्याकडे उजेड असतो की अंधार?"

चिमटीने बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते, टाचणीकडे बघत होते. तिला वाटलं, खरं सांगितलं तर उद्या दुकान जाणार आणि आज हेही जाणार. मग या माणसाजवळ राहणार काय? आणि खोटं सांगायचं तर तोंडावर सांगायला हवं होतं. फोनवर बोलणं सोपं होतं. इथे दिवा समोर होता, बाबांचा हात समोर होता.

"अंधार असतो, काका," ती म्हणाली. "मिट्ट."

 मग पोस्टमास्तरांनी मांडीवर थाप मारली. "झालं! वीस वर्षांचं भांडण मिटलं." चष्मेवाले म्हणजे शब्दाचा पक्का माणूस, त्यांनी खरंच चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही हात कानांकडे नेले.

"हात खाली घ्या," बाबा म्हणाले. "खोटं बोलतेय ती."

चिमटीने हातातला कप खोक्यावर ठेवला.

"बारा वर्षांमागे मला फोनमध्ये गवत कापायचं यंत्र ऐकू आलं. घड्याळाच्या चाकात केस अडकला तर मला ऐकू येतो, आणि हिला वाटतं यंत्र ऐकू येणार नाही! मिट्ट काळोखात गवत कोण कापतं? मी डोकं खाजवलं. पुढच्या डिसेंबरात पाखरं. त्याच्या पुढच्या वर्षी पोरं. म्हटलं, ही मला सांभाळून घेतेय. घेऊ दे."

ते वाकले, टेबलाच्या कडेखाली हात घातला. टक् असा बारीक आवाज झाला.

तो आवाज चिमटीने नऊ वर्षं फोनवर ऐकला होता.

बर्फाच्या भिंतीत वाटाण्याएवढं भोक होतं. त्यातून इवलासा पिवळा दिवा लागला आणि त्याचा उजेड बरोबर लाल मण्यावर पडला. भोवतालचा समुद्र काळा आणि तेवढी टाचणी उन्हात. चिमटीने कडेखाली चाचपून पाहिलं. गजराच्या घड्याळाचं बटण होतं, बोटाने झिजून गुळगुळीत झालेलं.

"म्हणजे दोन सूर्य?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरकला. "अहो घड्याळवाले, दोन? त्यापेक्षा पृथ्वी गोल म्हणा आणि मोकळे व्हा की!"

"म्हणून पाहिलं," बाबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू, एक वर्ष मनाशी म्हणून पाहिलं. पण गोल केली की ही खाली जाते हो. माझ्या पायाखाली, पार पलीकडे. या टेबलावर निदान मला दिसते तरी." त्यांनी तर्जनीने मण्यावरची धूळ पुसली. "तबकडी फिरत नाही. हिच्याकडे एक दिवा जास्त लागतो, एवढंच."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, काढला, पुसला, चढवला.  चिमटी तर खोक्यावर बसून सहावीतल्या पोरीसारखी रडत होती. बाबा तिला म्हणाले, "रडतेस काय? चहा दे अजून."

टेबल आता बाबांच्या घरी, पलंगाशेजारी आहे. ते दारातून आत न्यायला चौकट काढावी लागली. चिमटी दक्षिणेला परत गेली, आणि डिसेंबर आला तसा ठरल्या वेळी फोन वाजला. तिने उचलला. खिडकीतून ऊन थेट तिच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं, शेजारी गवत कापत होता. या वेळी तिने फोनवर हात धरला नाही.

"अंधार पडला का गं?"

"नाही, बाबा. ऊन आहे. लख्ख."

टक्.

"हं. लावला," बाबा म्हणाले. "जेवलीस का?"