नटावरची लाल रेघ

पस्तीस वर्षं मी लोकांच्या बेसिनखाली उताणा पडून पाइप जोडले. सांधा गळतोय म्हणून मला परत कुणी बोलावलं नाही. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहेच, पण पुढचं कळायला ते माहीत असलेलं बरं.

माझी लेक आमच्या गॅरेजमध्ये विमान बांधते. खेळण्यातलं नाही, दोन माणसं बसून उडतील असं. तिची आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिनं पहिला पत्रा कापला. तेव्हापासून चार वर्षं आमची गाडी उन्हात उभी आहे आणि घरात आम्ही दोघं जेवतानासुद्धा रिव्हेटांबद्दल बोलतो. इंजिन तिचं, वायरिंग तिचं. यंत्रांच्या नळ्या तेवढ्या तिनं माझ्याकडे दिल्या. "पाइप म्हटलं की बाबाच," असं म्हणाली, आणि मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

या नळ्या करंगळीपेक्षा बारीक. त्यांतून पाणी जात नाही, नुसती हवा. एक पंखाकडून येते, तिच्यावर वेग कळतो. दुसरी शेपटीकडून येते, तिच्यावर उंची. आणि दोन्ही प्लास्टिकच्या. मी जन्मभर लोखंड वाकवलं, ते जिथे वाकवलं तिथे गुमान राहिलं. ही बया वेटोळ्यात विकत मिळते आणि तिला त्या वेटोळ्याचीच सवय. हात सोडला की चालली परत. पहिल्या दिवशी मी जोर लावला तर मधोमध चपटी झाली. मी तिला चार शिव्या हासडल्या.

"ती नाही ऐकणार," लेक म्हणाली. "मी ऐकायचे, कारण मला जायला दुसरं घर नव्हतं."

मग तिनं रीत शिकवली. पातेल्यात पाणी तापवायचं, नळीत तार सरकवायची म्हणजे ती चपटी होत नाही, मग गरम पाण्यात बुडवून बरणीभोवती वळवायची, हवी त्याहून थोडी जास्तच. आणि पार गार होईपर्यंत दोन्ही टोकं धरून बसायचं. एक टोक माझ्याकडे, एक तिच्याकडे. दोघांचे हात अडकलेले, त्यामुळे ना तिला फोन घेता यायचा, ना मला उठून जाता यायचं. तेवढ्या वेळात ती बोलायची. तिला एका विमानतळाजवळच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती, इथून दिवसभराच्या वाटेवर. विमान पुरं झालं की तेही तिकडेच जाणार होतं.

मग मला प्रत्येक वळणात खोट दिसायला लागली. हा कोन जरा चुकला, ही नळी वायरिंगला घासते, परत करू. सरळ गेली असती अशी एक नळी मी मुद्दाम तीनदा वळवली. पण काम ते काम, कधी तरी संपतंच. शुक्रवारी दुपारी मी शेवटचा पितळी नट घट्ट केला आणि त्यावर रेघ ओढली.

ही रेघ माझी जुनी खोड. सांधा घट्ट झाला की नटापासून खालच्या तुकड्यापर्यंत एक लाल रेघ मारायची. नट पुढे कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. त्यासाठी लेकीची कॉलेजातली नेलपॉलिशची बाटली मी ढापली होती. तिनं ती एकदाच लावली होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ट्रकवाला विमान न्यायला येणार होता. लेक पंख बांधायला पट्टे आणायला गेली. मी पाना घेतला, वेग-उंचीचे काटे असतात त्या पॅनेलखाली उताणा पडलो आणि तोच नट अर्धा फेरा सैल केला.

संध्याकाळी तिनं तपासणीला घेतलं. सिरिंजनं नळीतली हवा हळूच ओढायची, उंचीचा काटा हजार फुटांवर न्यायचा, चिमटा लावायचा आणि तो घसरतो का ते मिनिटभर बघायचं. काटा हजारावर गेला आणि लगेच घसरायला लागला.

"गळतंय," मी म्हणालो. "शोधायला दोन-तीन दिवस जातील."

"तुमचा सांधा?"

"प्लास्टिकचा काय भरवसा?"

ती बॅटरी घेऊन पॅनेलखाली शिरली. बाहेर नुसते तिचे पाय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: नट फिरवला, पण तुटलेली रेघ तशीच ठेवली. पस्तीस वर्षांची अक्कल त्या वेळी कुठे चरायला गेली होती कोण जाणे. ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग आली, गुडघे झटकले आणि ट्रकवाल्याला फोन लावला.

"काका, उद्या नका येऊ. गळती निघालीय. हो, बाबाच बघतायत. सोमवारी या."

फोन ठेवून म्हणाली, "सोमवार, बाबा. त्यापुढे नाही."

"रेघ दिसली?"

"दिसली."

दोन दिवस गॅरेजचं दार आम्ही उघडलंच नाही. तिनं कपडे भरले, मी घड्या घालून दिल्या. जाऊ नकोस, मला करमणार नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. ते पन्नास वेळा तोंडाशी आलं आणि पन्नास वेळा मी विचारलं, मोजे घेतलेस का. शेवटी तिनं मला सगळे मोजे मोजून दाखवले.

सोमवारी सकाळी तिनं पाना माझ्या हातात दिला. मी पॅनेलखाली गेलो, नट फिरवला, रेघेला रेघ लागली. तिनं सिरिंज ओढली, काटा हजारावर नेला, चिमटा लावला आणि मोठ्यानं सेकंद मोजायला लागली. काटा जागचा हलेना. मी घट्ट केलेल्या सांध्यातून गळावं असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

तिसापर्यंत ती घड्याळाबरोबर होती. मग हळू झाली. चाळीस ते पन्नास तर फारच हळू. बाहेर ट्रक येऊन उभा राहिला, हॉर्न वाजला. एकोणसाठ म्हणून ती थांबली, काट्याकडे बघत राहिली, आणि मीही तिला साठाची आठवण करून दिली नाही.