पत्राखालच्या तीन ओळी

हुंग चिन-थू वारले त्या आठवड्यात याओ बाईंच्या तैवानमधल्या काओश्युंगच्या ऑफिसात एकतीस देशांतून शोकपत्रं आली. हुंग हे त्यांचे ऑडिट फर्ममधले भागीदार, अठ्ठावीस वर्षांपासूनचे. त्यांची फर्म ज्या जागतिक नेटवर्कमध्ये होती त्यातल्या प्रत्येक फर्मने पत्र पाठवलं आणि प्रत्येकाच्या तळाशी त्याच तीन ओळी होत्या: आम्ही सगळ्या फर्म कायद्याने स्वतंत्र आहोत, आमचं नाव एक असलं तरी एकीच्या कामाला दुसरी जबाबदार नाही. वर दुःखात सहभागी, खाली जबाबदार नाही! त्या ओळी संगणकच चिकटवतो, माणसं तरी काय करणार? पण बाईंना लागलं ते लागलंच.

खरं तर त्या ओळी गिऱ्हाइकांना समजावून सांगायच्या त्या बाईच. मासळी कारखान्याचे मालक दरवर्षी विचारायचे, “लंडनवाले, टोकियोवाले तुमचेच ना?”

“छे हो! आडनाव एक, चुली वेगळ्या. स्वित्झर्लंडची संस्था नाव वापरू देते, नियम घालते, वर्गणी घेते. आमची मालक नाही ती. उद्या लंडनवाले बुडाले तरी आम्ही कोरडे.”

“आणि हे हुंग साहेब?”

“यांच्याशी मात्र एकच चूल. यांनी चुकीची सही केली की निस्तरायचं मी.”

“मग लग्नच करून टाका की!”

“लग्नात एवढी जोखीम नसते,” हुंग फायलीतून मान वर न काढता म्हणायचे.

दोघंही एकटेच राहिले. बाईंना भरल्या पंगतीत जेवायला मिळायचं ते वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, नेटवर्कच्या संमेलनात. कोरियातल्या पुसानचे थाक साहेब शेजारची खुर्ची धरून ठेवायचे आणि लांबूनच हाक मारायचे, “याओताई, इकडे!”

हुंग गेल्यावर आठवड्याभरातच स्वित्झर्लंडहून पत्र आलं. फर्ममध्ये किमान दोन भागीदार हवेत. नव्वद दिवसांत दुसरा नेमा, नाहीतर नाव काढा. म्हणजे संमेलनही गेलं, ती खुर्चीही गेली.

थाक साहेबांचा फोन आला. “ताई, तैपेईचा एक जण नुसतं नाव द्यायला तयार आहे. सही करा आणि ऑक्टोबरात या बघू.”

“ओळखता त्याला?”

“मित्राचा मित्र आहे.”

“त्यापेक्षा तुम्हीच व्हा की माझे भागीदार.”

“ताई, मी कोरियाचा. माझी सही तुमच्याकडे कशी चालेल?”

“माहीत आहे हो, चेष्टा केली.”

कसली चेष्टा! विचारलं ते मनापासूनच होतं.

तैपेईवाल्याचा करार आला. दोन्ही भागीदार एकमेकांच्या कृत्यांना पूर्णपणे जबाबदार, असं पहिल्याच पानावर होतं. बाईंनी पेन उघडलं. त्यांना ते एक वर्ष आठवलं. कारखान्याचा साठा स्वतः न बघता त्यांनी सही ठोकली होती आणि चौकशी समितीने बोलावलं होतं. हुंग न बोलावता शेजारी येऊन उभे राहिले. “सही हिची असेल, चूक आमची आहे,” म्हणाले. समितीने दोघांनाही ताकीद दिली. परत येताना त्या माणसाने एका शब्दाने दोष दिला नाही, उलट नूडल्स खायला घातले.

असं कुणासाठी उभं राहायचं, तर निदान त्याचं तोंड तरी पाहिलेलं हवं! बाईंनी करार तसाच परत पाठवला. नव्वदाव्या दिवशी त्यांनी दाराच्या काचेवरचं नेटवर्कचं नाव पात्याने खरवडून काढलं.

हुंग गेल्यापासूनच्या शंभराव्या दिवशी, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, त्या अस्थिमंदिरात गेल्या. हुंगांच्या अस्थी ठेवायच्या कप्प्याचा अर्ज भरायचा होता.

“मयताशी नातं?” कारकुनाने विचारलं.

“भागीदार.”

“तसा रकाना नाही हो बाई. बायको, बहीण, मुलगी?”

“यातलं काहीच नाही.”

“मग ते सोडा. यापुढे कप्प्याची जबाबदारी कोणाची?”

“माझी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ठसठशीत सही केली.

कारकुनाने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. “आणि तुमच्यानंतर?”

बाईंनी पेनला टोपण लावलं.

“तो कोराच राहू दे,” त्या म्हणाल्या.