बशीत राहिलेला वायसर

पुढील कथेत कोणी शूर पुरुष नाही. नारायणगावच्या एका पंपमिस्त्रीच्या आयुष्यातील एकच दिवस मी येथे विनयपूर्वक मांडणार आहे. ज्या वस्तूमुळे त्या दिवशी अनर्थ ओढवत होता ती चार आण्याच्या नाण्याहूनही लहान होती, एवढे वाचकांनी आरंभीच ध्यानी घ्यावे.

"बंद करताना परत पेट्रोलवर घेतलं व्हतं का?" सोपान मिस्त्रीने विचारले.

"न्हाई घेतलं," आणे गावचे गेणभाऊ म्हणाले. "रॉकेलवर चाललं व्हतं, रॉकेलवरच बंद केलं. पेट्रोल काय फुकट येतंय व्हय?"

"मग इंजान तरी फुकट का चालंल, भाऊ?"

सन १९९८ च्या माघ महिन्यातील ती सकाळ होती. गेणभाऊंच्या कांद्याला अखेरचे पाणी द्यावयाचे होते आणि पंपाचे इंजिन दोन मिनिटे धडधडून गप्प होत होते, म्हणून ते त्यांनी जीपने नारायणगावी सोपानच्या दुकानी आणले होते. ही इंजिने पेट्रोलवर सुरू करावीत, तापल्यावर रॉकेलवर घ्यावीत आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावीत, असा दंडक आहे. आण्याच्या पठारावर मात्र शेवटची पायरी सर्रास गाळली जाई. मग कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल साचून राही आणि जेटच्या बारीक भोकात चिकटा धरी.

सोपानने टाकी रिकामी केली, वाटी उघडली, जेटमधून तार फिरवली, तोंडाने फुंकर मारली. टाकीतले इंधन सोडणारा आणि रोखणारा खालचा कॉकही तुंबला होता. तो त्याने खोलला, आतला गळती अडवणारा रबरी वायसर पुसला आणि हरवू नये म्हणून शेजारच्या बशीत ठेवला. तेवढ्यात रस्त्यावरून जीपचा हॉर्न वाजू लागला.

"ओ मिस्तरी, गाडी भरली. म्हाताऱ्याला सोडा आता, का मुक्कामी ठेवताय?"

सोपानने हातातला चहा एका घोटात संपवला, कप बशीत ठेवला आणि कॉकचे स्क्रू आवळले. बाटलीतले पेट्रोल त्याने नळीने थेट कार्बोरेटरला दिले, दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. गेणभाऊंचा चेहरा खुलला. इंजिन जीपच्या टपावर चढले आणि गाडी निघून गेली.

दुपारी सोपानची पत्नी रत्ना भाकरी घेऊन आली. तिने उष्टी कपबशी उचलली.

"अवो, कपाच्या बुडाला ह्ये काय चिकटलंय?"

सोपानने ती वस्तू डोळ्यांजवळ धरली, मग हातभर लांब धरली.

"डोळं दावून घ्या म्हणून वरीस झालं सांगतेय," रत्ना म्हणाली. "तर म्हणं, चष्मेवाल्या मिस्तरीकडं इंजान कोण आणंल."

डोळ्यांना जे उमगले नाही ते बोटांनी ओळखले. टाकी रिकामी होती, बाटली थेट कार्बोरेटरला लावली होती. म्हणजे दुरुस्तीनंतर त्या कॉकने पेट्रोलचा थेंबही पाहिला नव्हता. गेणभाऊ घरी जाऊन टाकी भरणार आणि कॉक बंद असला तरी ती गळणार. त्यातही घोर गोष्ट निराळीच होती. विहिरीवरून इंजिने चोरीला जात, म्हणून आण्यातले लोक ती उचलून घरात ठेवीत. गेणभाऊंचे घर एका खोलीचे. इंजिनाची जागा चुलीशेजारी होती, हे सोपानने स्वतः पाहिले होते.

आण्यात फोन एकाच किराणा दुकानात होता. तीन वेळा लावूनही तो लागला नाही. वायसर मुठीत धरून सोपान आळेफाट्याला पोचला, तर आण्याकडची पुढची जीप भरत होती.

"दोन शिटा बसू द्या, पावणं," जीपवाला म्हणाला. "कुणाचं लगीन लागायचं थांबलंय का?"

"राव, एका घरात पेट्रोल गळतंय. चुलीपाशी. माझ्या हातनं झालंय."

जीपवाल्याने तोंडातली विडी फेकून दिली आणि गाडी काढली.

आणे घाट चढताना सोपानची नजर आभाळात धूर शोधत होती. आण्याच्या फाट्यावर उतरून तो वस्तीकडे धावत सुटला. गेणभाऊंच्या कौलांवर चुलीचा धूरसुद्धा दिसत नव्हता. त्याने धीर धरावा की भ्यावे, हेच त्याला कळेना.

उंबऱ्यावर गेणभाऊंची पत्नी ठकूबाई बसली होती. गेणभाऊ अंगणात तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"आलं बघा तुमचं मिस्तरी," ठकूबाई म्हणाली. "इचारा त्यास्नी."

"बरं झालं आला," गेणभाऊ म्हणाले. "दुपारधरनं ही चुलीला काडी लावू देईना. वास येतो म्हणती. म्या म्हणलं, सोपान मिस्तरीच्या हातचं काम हाय, गळायचं न्हाई. नव्या कामाला वास येतोच. तर काडेपेटी कनवटीला खोसून बसलीय. च्या न्हाई का भाकर न्हाई."

'सोपान मिस्तरीच्या हातचं काम गळायचं न्हाई,' हे एक वाक्य सोपानने तीस वर्षे राबून कमावले होते. त्याच्या नावावर विसंबून गेणभाऊंनी चूल पेटवली असती, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने मूठ उघडली.

"भाऊ, गळतंय. वायसर माझ्यापाशीच ऱ्हायला. चूक माझी हाय."

"असू द्या," गेणभाऊ म्हणाले. "माणसाच्या हातनं व्हतं."

"आन म्या ह्यांचं ऐकलं असतं म्हंजी?" ठकूबाईने विचारले.



आत शेणाने सारवलेल्या जमिनीवर काळसर ओल चुलीच्या दगडापर्यंत पसरली होती. दोघांनी इंजिन अंगणात आणले. सोपानने कॉक खोलला, परंतु वायसर खाचेत बसेना. दोनदा तो मातीत पडला.

"वयनी," तो म्हणाला, "मला बारीक दिसत न्हाई." परक्या माणसापुढे हे शब्द त्याने प्रथमच उच्चारले होते.

ठकूबाईने वायसर घेतला आणि नखाने दाबला. "बसला," ती म्हणाली.

सोपानने टाकीत पेट्रोल ओतले, कॉक बंद केला, खाली रद्दीचा कागद अंथरला. तिघेही त्या कागदाकडे पाहत बसले. तो कोरडाच राहिला. तेव्हा कोठे ठकूबाईने कनवटीची काडेपेटी काढली. घरात न जाता तिने दूर बाभळीखाली तीन दगड मांडून चहा केला.

गेणभाऊंचे इंजिन त्यानंतर सोपानच्या दुकानी आले नाही. ते स्टँडजवळच्या नव्या दुकानात जाते, असे त्याने जीपवाल्याकडून ऐकले. सोपानने चष्मा घेतला. दुरुस्त झालेले प्रत्येक इंजिन तो टाकी भरून, कॉक बंद करून, तासभर कागदावर ठेवू लागला. शेतकऱ्यांना घाई असे, जीपवाले हॉर्न वाजवीत, आणि पुष्कळ गिऱ्हाईके कंटाळून त्या नव्या दुकानाकडे वळली.

"झालं का मिस्तरी? सुरू तर झालंय की."

"सुरू झालंय," सोपान म्हणे. चष्मा सावरून तो वाके, कागदावरून सावकाश तळहात फिरवी आणि कोरडा हात पाहून पुन्हा आपल्या जागी बसे. "अजून थोडं थांबा."

ही साधी हकिकत आपण अखेरपर्यंत वाचलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. भाषेत काही उणे राहिले असल्यास ते माझे समजून पोटात घालावे.

आपला नम्र,
सावळेराम कोंडाजी टाव्हरे
मु. पो. निरगुडसर, ता. आंबेगाव