पन्नास मिनिटं

विमानाच्या तिकिटांच्या दुकानात तो सव्वीस वर्षं काउंटरवर बसत होता आणि सगळे त्याला 'दोन तास' म्हणत. वाटेत विमान बदलायचं असेल आणि मधे दोन तासांहून कमी वेळ असेल, तर हा पठ्ठ्या तिकीट काढूनच देत नसे. गिऱ्हाईक चिडो, नाहीतर शेजारच्या दुकानात जावो. "उशिरा पोचा, पण पोचा," एवढंच म्हणायचा.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी आईला तपासलं आणि त्याला दाराशी नेऊन सांगितलं, "धाकट्याला बोलावून घ्या. उद्याची संध्याकाळ निघाली तर निघाली."

धाकटा अकरा हजार किलोमीटरवर. यानं आईच्या खाटेशेजारीच लॅपटॉप उघडला. आपल्या घड्याळानं पाचला निघणारी दोन विमानं होती. एकाला साडेबावीस तास लागणार होते, वाटेत चार तास थांबून. ते उद्या साडेतीनला उतरलं असतं. दुसऱ्याला एकोणीस. ते बारालाच उतरणार होतं, पण मधे फक्त पन्नास मिनिटं.

"अकरा हजार म्हणजे किती रे?" आईनं विचारलं.

"तू चालत निघालीस तर वर्ष लागेल."

"मग तो विमानानंच येऊ दे," आई म्हणाली आणि हसली. त्यानं दोन्ही वेळा पुन्हा पाहिल्या. साडेतीन तास आधी! त्यानं एकोणीस तासांचं तिकीट काढलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण; दुसरं काय म्हणायचं?

बुधवारी सकाळी सातला धाकट्याचा फोन आला. पहिलं विमान अर्धा तास उशिरा उतरलं होतं. तो धावत दारापर्यंत पोचला, तर दार नुकतंच बंद झालेलं. "दादा, समोर विमान दिसत होतं रे," तो रडत होता. पुढचं विमान थेट रात्री, म्हणजे पोचायला गुरुवार सकाळ.

आईला यातलं काही सांगायची हिंमत त्याला झाली नाही. ती डोळ्यांत प्राण आणून विचारायची, "कुठवर आला?" आणि हा सांगायचा, "समुद्र ओलांडला. आता सामान घेतोय. आता गाडीत बसला." तीन पंचविसाला त्यानं मोबाइलवर ते सोडून दिलेलं, साडेबावीस तासांचं विमान पाहिलं. पाहायला नको होतं, पण सव्वीस वर्षांची सवय. ते पाच मिनिटं आधीच उतरलं होतं.

पाचच्या सुमारास आईनं विचारलं, "इतका वेळ गाडीत?"

"गर्दी आहे गं रस्त्याला."

"त्याला म्हणावं, सावकाश ये," आई म्हणाली. सहाला ती गेली. तिचं तोंड दाराकडे होतं.

गुरुवारी सकाळी धाकटा आला, आईच्या पायांवर डोकं टेकून बराच वेळ बसला. मग उठून त्यानं दादाला मिठी मारली.

"तू होतास म्हणून लगेच तिकीट तरी मिळालं. माझंच नशीब फुटकं. दुसरं कुठलं विमान नव्हतंच ना रे?"

दादानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"नव्हतं," तो म्हणाला.