चांगुणाने पारखलेला पाचू

बुधवार उजाडला की खरवईला जत्रा भरायची. देवळात नव्हे हो, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर. बाहेर चपलांचा ढीग, आत अगरबत्तीचा धूर आणि मधोमध सिमेंटच्या गोण्यांवर गादी टाकून बसलेले बुधानंद महाराज. दाही बोटांत हिरव्या अंगठ्या. पाचू हा बुधाचा खडा, म्हणून वार बुधवार, सदरा हिरवा, गादीही हिरवी. पिंजऱ्यातला पोपट तेवढा आणायचा राहिला होता.

ही १९९१ च्या मार्चमधली गोष्ट. मी काही दर्शनाला गेले नव्हते. बदलापूरच्या एका दवाखान्यात टीबीच्या पेशंटना गोळ्या द्यायचं काम मी करायचे. किसन म्हसकर हा त्यातलाच एक. राहायला मांजर्लीत, कामाला अंबरनाथ एमआयडीसीत. दोन महिने अगदी वेळेवर यायचा. खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, आणि मग पंधरा दिवस फिरकलाच नाही. शेजारीण म्हणाली, बायकोला विचारा, ती बुधवारी खरवईला असते.

होतीच. पहिल्याच रांगेत, पदर पसरून. चांगुणा तिचं नाव.

"माई, घबराना नहीं," महाराज तिला म्हणत होते. त्यांचं मराठी दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरायचं. "नवऱ्याला क्षय आहे? क्षय म्हणजे बुध रुसला! पाचू म्हणजे बुधदेव की आँख! आता ही आँख तुझ्या नवऱ्याचं नशीब वाचेल. हळदीचं कुंकू झालं तर तुझं कुंकू शाबूत. नाही झालं, तो फिर भगवान मालिक."

समोर सहाण होती. तिच्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं, म्हणे गंगाजल. वर चिमूटभर हळद टाकली आणि अंगठीतला खडा गोल गोल घासायला लागले. बायकांनी श्वास रोखले. पिवळी हळद आधी केशरी झाली, मग चांगली लालभडक.

"झालं! कुंकू झालं!" एकच गलका उठला. चांगुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. महाराजांनी ते लाल बोट तिच्या कपाळाला लावलं. कपाळ चुरचुरलं की समजायचं, शक्ती आत गेली.

शेवटी हुकूम सुटला. "ही अंगठी त्याच्या करंगळीत घाल. आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद! पाचू थंडा, गोळी गरम. गोळीने लघवी लाल होते की नाही? खून जल रहा है, माई!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गोळ्यांनी लघवी लाल होतेच, ते मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. सहाणेवर लाल झालं की सौभाग्य आणि लघवीत लाल झालं की मरण, वा रे शास्त्र!

बाहेर मी चांगुणाला गाठलं. "अगं, त्याला बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे. अर्ध्यावर सोडल्या तर रोग दुप्पट जोराने उलटेल. मग याच गोळ्या त्याला लागू पडणार नाहीत."

"ताई, तुमच्या गोळ्यांनी मला कधी सांगितलं का, ते जगतील म्हणून?" ती म्हणाली. "या खड्याने सांगितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

मी नुसती चिडले आणि घरी आले.

त्या रविवारी मी धुणं धूत होते. साडीवर वरणाचा डाग पडला होता. त्यावर साबण घासला आणि हात तिथेच थांबला. पिवळा डाग लालभडक झाला होता. अगं बाई! हे तर मी जन्मभर बघत आले होते. माझी आई बघत होती, चांगुणा बघते, खरवईला जमणारी प्रत्येक बाई रोज धुण्याच्या दगडावर हेच बघते. हळदीला साबण नाहीतर सोडा लागला की ती लाल होते. साध्या पाण्याने खळबळलं की परत पिवळी. म्हणूनच घरी जाऊन तोंड धुतलं की महाराजांचं कुंकू पिवळं पडायचं आणि बायका म्हणायच्या, दोष उतरला!

मी ओल्या पदरानेच मांजर्लीला धावले. चांगुणाला सगळं सांगितलं, तिच्याच हळदीवर तिचाच साबण लावून दाखवला. ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "साबणाने होतं, खरं आहे. पण खड्यानेही होत असेल ना?"

"तो खडा तरी खरा आहे का? काच असेल!"

"काच असली तर गोळ्या सुरू करते. शप्पथ."

मला काय आनंद झाला! आपण काय कबूल करून बसलो, याचा मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाराजांची अंगठी घेऊन उल्हासनगरला होतचंद शेठच्या पेढीवर गेलो. म्हातारा सिंधी जवाहिऱ्या, सज्जन माणूस. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवलं.

"काच है, बेटी. ये देखो, अंदर बुलबुले, गोल गोल. और किनारे घिसे हुए." मग त्याने कपाटातून एक खरा पन्ना, म्हणजे पाचू, काढला, मुगाच्या दाण्याएवढा. "आता हा बघ. अंदर जाला दिखता है? धागे, कचरा? धरतीच्या पोटातून येतो, तो इतना साफ कैसे होगा? सस्ते में बड़ा और एकदम साफ मिले, तो समझना झूठा है."

चांगुणाने भिंग घेतलं. आधी काच बघितली, मग पन्ना. पन्ना तिने खूप वेळ बघितला. "बुडबुडा नाही, जाळं आहे," ती पुटपुटली. मला वाटलं, पोरीचे डोळे उघडले. देवा, काय मूर्ख मी!

पुढच्या बुधवारी मी खरवईला गर्दीत उभी राहिले. महाराजांनी सहाण पुढे ओढताच मी घरून आणलेलं नळाचं पाणी तिच्यावर ओतलं. "महाराज, आता करा कुंकू!"

त्यांनी खडा घासला. हळद पिवळी ती पिवळीच. घासून घासून त्यांचा हात दुखला असेल.

"बाई अपवित्र है!" ते ओरडले.

"असेन! पण मग याला काय म्हणाल?" मी त्यांचाच तांब्या उचलला, सहाण पुसून त्यातलं पाणी ओतलं, वर हळद टाकली आणि बांधकामाच्या ढिगातला खडीचा तुकडा घेऊन घासला. लालभडक! "बायांनो, तांब्यात धुण्याचा सोडा आहे. तुमची कपाळं त्यानेच चुरचुरतात. खडीलाही बुधदेवाचा डोळा आहे वाटतं!"

कुणीतरी हसलं. मग शिव्या सुरू झाल्या. महाराज मागच्या जिन्याने पळाले ते पुन्हा दिसलेच नाहीत. लोकांनी माझं कौतुक केलं, मला चहा पाजला. आयुष्यात इतकी फुशारले नव्हते मी.

दुसऱ्या दिवशी किसनचं कार्ड टेबलावर काढून ठेवलं. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मीच गेले.

किसन खाटेवर बसला होता आणि खोकत होता. करंगळीत अंगठी होती. बारीकसा खडा, मुगाएवढा.

"चांगुणा, हे काय?"

ती हसली. किती दिवसांनी हसली असेल. "ताई, हा खरा आहे! माझ्या पाटल्या मोडून घेतला. होतचंद शेठ देईनात, म्हणाले पहिले दवा करो. मग दुसरीकडून घेतला. मी स्वतः भिंगातून बघितला. बुडबुडा एकसुद्धा नाही. जाळं आहे. तुम्हीच तर शिकवलंत."

"अगं, तू शप्पथ घेतली होतीस, काच निघाली तर गोळ्या..."

"काच होती तेव्हाची गोष्ट ती. आता खरा आहे ना."

मी ओरडले, हात जोडले, रडलेसुद्धा. "खरा असला तरी तो दगड आहे गं!" किसन म्हणाला, "ताई, कशाला तिला बोलता? मला बरं वाटतंय." आणि पुन्हा खोकला.

ऑगस्टमध्ये त्याला रक्ताची उलटी झाली, तेव्हा दोघं दवाखान्यात आली. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, इंजेक्शनं दिली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता औषध लागू पडत नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी किसन गेला. बोट इतकं वाळलं होतं की अंगठी काढावी लागली नाही, आपणच गळून पडली.

तेराव्यानंतर चांगुणा दवाखान्यात आली. कपाळ मोकळं. अंगठी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, मला एकच सांगा. मी फसले का? हा खरा होता ना?"

गळून पडलेली ती अंगठी चांगुणाला परत देण्याआधीच मी होतचंद शेठकडून तपासून घेतली होती. "खरा होता," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि अंगठी तिथेच टाकून ती निघून गेली.

माझा गुन्हा कबूल करते. बुधानंदाचा सोडा मी पकडला, त्याची काच पकडली, पण चांगुणासमोर मी भांडत बसले ते पाचू खरा की खोटा यावर. म्हणजे खरा असता तर चाललं असतं, हे मीच तिला शिकवलं. खरवईला त्याच तळमजल्यावर आता दुसरा कुणी बसतो. त्याच्याकडचे खडे अस्सल आहेत, दुकानाचा कागद देतो म्हणे. गर्दी पहिल्यापेक्षा जास्त असते.

बाबांनो, बायांनो, बोटात पाचू हौसेने घालायचा असेल तर भिंग घ्या, जाळं बघा, बुडबुडे बघा, खुशाल घाला. पण घरात माणूस आजारी असेल तर तो खडा खरा की खोटा, हे विचारूच नका. खड्याने रोग जातो का, एवढंच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या गोळ्या थांबवू नका. ती अंगठी अजून माझ्या खणात आहे, आणि पाचू अगदी खरा आहे.