दाराआडून

अलाबामाने परदेशी माणसांवर तो कडक कायदा आणला, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली निम्मी घरं ओस पडली. काहींनी तर चुलीवरची भांडीही तशीच टाकली. जे उरले, त्यांना आम्ही दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बोलवायचो आणि दार न उघडायला शिकवायचो.

हसू नका. मेक्सिकोतल्या आमच्या वाहाकाच्या डोंगरातल्या बायकांना तेच सगळ्यांत अवघड.

न्यायाधीशाच्या सहीचा कागद नसेल तर पोलिसांना आत घ्यायचं नाही, एवढाच धडा. मी पोलीस होऊन दार ठोठावायची. ओतिलिया दर वेळी उघडायची, वर विचारायची, "बसा ना, कॉफी घेणार?"

"अगं बये, तुझ्या नवऱ्याला न्यायला आलेय मी! त्याचा डबाही बांधून देशील!"

सगळ्या हसत. तिचा नवरा फिदेन्सियो कोंबड्यांच्या कारखान्यात होता, कागदपत्रं नव्हती. ती मात्र हसायची नाही. मला मानाने 'दोन्या' म्हणत सांगायची, "दोन्या रेमे, माणसाला दाराबाहेर उभं ठेवलं तर माझी आई थडग्यातून उठेल."

मग मी तिला आमच्या पोसादा सणाची आठवण करून दिली. नाताळाआधी बाहेरचे गात आसरा मागतात आणि आतले नाही म्हणतात. ती दरवर्षी आतल्यांत असायची.

"तसंच म्हण."

"पण शेवटी उघडतोच की आपण."

"या खेपेला शेवटचं कडवं गायचं नाही."

ऑगस्टमध्ये पोलीस खरंच आले. मी तिच्याकडे घेवडा निवडत बसले होते. फिदेन्सियो आतल्या खोलीत. दोघं जण होते. एकाला आमची भाषा बरी यायची.

"न्यायाधीशाच्या सहीचा कागद खिडकीला लावा," ओतिलिया दाराआडून म्हणाली. एकही शब्द चुकला नाही.

त्यांनी कागद लावला. त्यावर न्यायाधीशाची सही नव्हती. मी नकारार्थी मान हलवली.

"मग नाही उघडणार."

 मग भाषा येणारा तो मवाळपणे म्हणाला, "सेन्योरा, ऊन फार आहे. निदान पाणी तरी द्याल?"

हे आम्ही शिकवलंच नव्हतं.

तिने पेला भरलासुद्धा. हात कडीवर गेला. मी उठले, पण तिला धरायचं धैर्य झालं नाही. आत फिदेन्सियो श्वास रोखून उभा होता. तो श्वास नसणंही मला ऐकू येत होतं.

तिने कपाळ दाराला टेकलं.

"अंगणात डावीकडे नळ आहे," ती म्हणाली. "पाणी गार आहे. पोटभर प्या."

नळ सुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने गाडी गेली.

फिदेन्सियो बाहेर आला, तेव्हा ती भरला पेला घेऊन जमिनीवर बसली होती. "माणसाला जनावरासारखं नळावर पाजलं रे मी."

तो तिच्याजवळ टेकला. "मी आहे ना घरात," एवढंच म्हणाला.

ते नळ उघडाच टाकून गेले होते. तिच्या मिरच्यांच्या वाफ्यातून पाणी रस्त्यावर वाहत होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं ते ऐकत बसलो. दार उघडून तो बंद करायला कुणी गेलं नाही.