ब्याण्णवही आपले, एक्केचाळीसही आपले

झुंबरबाईच्या मच्छिंद्राला मॅट्रिकला गणितात ब्याण्णव मार्क पडले, हे जुन्या जालन्यात ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडला नसता. झुंबरबाईनं तशी सोयच ठेवली नव्हती. उर्दूत एक्केचाळीस पडले, तेही ती सांगायची, न विचारता. तिचा बाप भोकरदनच्या बाजारात मापारी होता. धान्य मोजताना पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे, मग दोन, तीन असं पुढं; आणि सबंध राशीत एक माप इकडचं तिकडं होत नसे. बाईला अक्षर येत नव्हतं, पण पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. चुलीपुढं बसवून तिनं ती मच्छिंद्राकडून घोटून घेतली होती. म्हणून ते ब्याण्णव तिला अर्धे आपलेच वाटत, आणि खरं सांगायचं तर ते होतेही.

अर्ज औरंगाबादच्या कॉलेजात द्यायचा होता. त्या साली शाळेतून कॉलेजला निघालेला मच्छिंद्र एकटाच. निजामाचं राज्य, सारा कारभार उर्दूत, अर्जही उर्दूत. शाळेच्या रामकिसन कारकुनानं मार्कांचा तक्ता भरला, शिक्का मारला आणि कागद पोराच्या हाती दिला. झुंबरबाईनं तो उचलून थेट शेजारच्या इमामबीपुढं धरला. इमामबी मौलवीची लेक, तिला उर्दू वाचता यायचं.

"ब्याण्णव कुठं लिव्हलेत, तिथं बोट ठिव गं."

इमामबीनं बोट ठेवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "उर्दूत ब्याण्णव. हिसाबात एक्केचाळीस. झुंबर, ये तो उल्टा हो गया."

घोटाळा साधाच होता. रामकिसनची वही मराठीत, डावीकडून उजवीकडं. अर्जाचा तक्ता उर्दूत, उजवीकडून डावीकडं. भल्या माणसानं वहीतले आकडे डावीकडूनच ओळीनं उतरवले, आणि पहिल्या गणिताचे मार्क शेवटच्या उर्दूला गेले, उर्दूचे गणिताला.

"चल शाळेत," झुंबरबाई घरी येऊन म्हणाली.

मच्छिंद्र जागचा हलला नाही. "मला ठाऊक हाय, आई. कालच बघितलं म्या."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तिथं समदं उर्दूत शिकवतेत. गणितबी उर्दूत. उर्दूत पन्नासच्या खाली असलं की घेत न्हाईत म्हणतेत. आन म्या थोडंच लिव्हलंय ते? आपोआप झालं."

झुंबरबाईला आधी राग आला आणि मग रागापेक्षा वाईट वाटलं. परीक्षेच्या आधी रात्र रात्र दिव्यापाशी अभ्यास करत बसलेलं हेच पोर, आणि आता आपलीच कमाई दुसऱ्याच्या रकान्यात टाकून गप्प बसलंय. "उर्दूत ब्याण्णव, व्हय? मंग इमामबीनं सरावाला दिल्यालं पत्र वाचताना घाम का फुटला तुला?" एवढं बोलून ती चपला घालून निघाली. मच्छिंद्र मागं आला. न येऊन सांगतो कुणाला?

रामकिसननं वही आणि अर्ज शेजारी ठेवून पाहिले आणि कपाळावर हात मारला. पण पुढच्याच क्षणी त्याचा आवाज उतरला. "काकू, ऐका माझं. शिक्का पडलाय. आन हे नशिबानं झालंय. उगं पोराचं नुकसान करून राह्यल्या तुम्ही. बराबर मार्क लिव्हले तर त्याला घेणार न्हाईत."

"न्हाई घेतलं तर ऱ्हायलं. पण घेतलं तर माझं पोर घेतील. हा कागद घेऊन गेला तर ते घेतील कुणाला? उर्दूत ब्याण्णव अन् गणितात एक्केचाळीस, असं पोर माझ्या घरात न्हाई."

"दुसरा अर्ज भरायचा म्हणजे..."

"भरा. म्या बसते."

ती खरंच बसली, कचेरीच्या उंबऱ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवून. दुपारपर्यंत रामकिसननं दुसरा अर्ज भरला. हिशेबाची कामं असतात तेव्हा मापाऱ्याच्या लेकीशी वाद घालू नये, हे त्याला त्या दिवशी कळलं.

औरंगाबादला दोघं आगगाडीनं गेली. कॉलेजच्या साहेबांच्या खोलीत तो आत, झुंबरबाई दाराबाहेरच्या बाकावर. दार उघडंच होतं. ऐन वेळी तिच्याही मनात आलं, आपल्या हट्टापायी पोराचं दार बंद झालं, तर जन्मभर तोंड कसं दाखवायचं त्याला?

"हिसाब बानवे," आतून साहेबांचा आवाज आला. "और उर्दू सिर्फ इकतालीस? यहाँ हिसाब भी उर्दू में पढ़ाते हैं. कैसे चलेगा?"

झुंबरबाईनं बाकाची कड घट्ट धरली. कारकुनाची चूक, वहीची चूक, मास्तरांची चूक. आता पोर कुणावर तरी ढकलणार असं तिला वाटलं.

"बानवे मेरे हैं, साहब," मच्छिंद्र म्हणाला. "इकतालीस भी मेरेच हैं."

झुंबरबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला.

तो बाहेर आला तेव्हा हातात कागद होता. "सहा महिन्यांची मुदत दिली, आई. तेवढ्यात उर्दूत पन्नास न्हाई पडले तर घरी पाठवतील."

"पन्नासाला किती कमी हायेत?"

"नऊ."

झुंबरबाईनं दोन्ही पंजे उघडले आणि करंगळी मिटली. "लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन. चार." नवापर्यंत मोजून झाल्यावर उरलेलं बोट तिनं त्याच्यापुढं धरलं. "हे बघ, बोट उरलं की रं."